दाराबाहेर गेलेली दुपटी

बाळ मांडीवर झोपलेलं, त्यामुळे कागद एका हातानेच उलटत होते. समोर नणंदबाई पेनचं टोपण काढत होत्या, लावत होत्या.

"एवढं काय वाचतेस? भागीदार करून घेतेय तुला, काही फासावर चढवत नाहीये!"

सासूबाईंनी उभा केलेला दुपट्यांचा कारखाना म्हणजे सहा शिलाई मशिनं आणि मागे कुलूप लावलेली एक खोली. त्या गेल्यापासून नणंदबाई, म्हणजे ताईच सगळं बघतात. कामाच्या बायका त्यांना 'मॅनेजरबाई' म्हणतात. मी आजवर नुसत्या दुपट्यांच्या घड्या घालून रिबिनी बांधल्या. मग आत्ताच भागीदारी कशी सुचली? माझ्या बाबांनी त्यांचं घर माझ्या नावावर केलं, त्याच महिन्यात? फर्म बुडाली तर कर्ज देणारे भागीदाराच्या घरापर्यंत येतात, एवढं मला कळत होतं.

वरच्याच कागदावर पुढच्या वर्षीच्या विक्रीचा अंदाज होता. आलेखाची रेघ नुसती चढत गेलेली.

"यंदा दुप्पट माल गेला. यावरच बँक कर्ज देणार बघ."

"उद्या करते सही, ताई."

"सांगते हं तुझ्या नवऱ्याला, बायको माझ्यावर संशय घेते म्हणून."

घेतच होते. पण बाळाचा लंगोट बदलायचं निमित्त काढून उठले.

दुसऱ्या दिवशी बाळाला लस देऊन येताना, आमचा माल जातो त्या दुकानात शिरले. फळीवर आमची दुपटी होती, पिवळ्या रिबिनीतली. पिवळी रिबीन बाळंतपणाआधीच संपली होती. तेव्हापासून मी निळी बांधते. सुजलेल्या बोटांनी बांधलेल्या त्या वेड्यावाकड्या गाठी माझ्याच होत्या. आणि बाळ आता रांगतंय.

"ही अजून इथेच?" मी विचारलं.

"खपली तर पैसे, नाहीतर परत. तीच तर बोली आहे," दुकानवाल्या बाई म्हणाल्या. "मागे दोन खोकी नेलीच की तुमच्या मॅनेजरबाईंनी."

मी थेट कारखान्यात गेले. "ताई, मागची खोली उघडा."

"कशाला? उंदीर झालेत तिथे."

"उघडा."

खोली छतापर्यंत पिवळी होती.

"सगळ्या दुकानांतून परत आलेली ही दुपटी विकलेल्यात धरलीत?"

"आई म्हणायची, माल दाराबाहेर गेला की विकला."

"आईंच्या वेळी गिऱ्हाईक दारात यायचं, रोख मोजून न्यायचं. आता माल दुकानात राहतो, आणि फिरून घरी येतो."

"परत आलेलं लिहायची पद्धतच नाही आपल्यात," ताई पुटपुटल्या.

आईंची सवय तशीच चालू राहिली, की जाणूनबुजून चालू ठेवली, मला अजून ठरवता येत नाही. कुलूप मात्र नवंकोरं होतं.

"आधी हे सगळं वजा करून नवा अंदाज काढा. बँकेचं मग बघू. आणि माझं घर यात येणार नाही. सही नाही करत मी."

तेवढ्यात बाळाने एक रिबीन ओढून तोंडात घातली. ताईंनी ती हळूच काढून घेतली आणि सुटलेलं दुपटं त्याच्या अंगावर पांघरलं.

"चला, हे एक तरी खपलं."

"पैसे मिळाल्यावर म्हणा," मी म्हटलं आणि पर्स उघडली.