मी, पडदा, आणि घुबडाचा सिनेमा

मी पडदा बोलतोय. पण दारा-खिडक्यांवर लोंबणाऱ्या पडद्यांशी माझा काडीचा संबंध नाही. मी अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, सीडर फोर्क गावाबाहेर, माळावर उभा असलेला सिनेमाचा पडदा. तीन मजले उंच आणि थोडासा घमेंडखोरही, म्हणा ना. लोक आपापल्या गाडीत बसून मला बघतात, आवाज गाडीतल्या रेडिओवर ऐकतात आणि सिनेमा आवडला की हॉर्न वाजवतात.

मी कापडाचा नाही हं, अस्सल लाकडाचा आहे. इथल्या जंगलात झाडं पाडणाऱ्या माणसांनी सुट्टीच्या दिवशी फळ्या ठोकून मला उभं केलं. त्यांचा मुकादम लार्स. तो गेल्यावर त्याचा मुलगा आर्नी बापासारखाच जंगलात कामाला लागला आणि मुलगी व्हर्ना मला सांभाळत राहिली. लार्सचा एक नियम गाव अजून पाळतं: सिनेमा चालू असताना इंजिन बंद. पोरं गाड्यांमागे गोधड्या टाकून बसतात, त्यांच्या नाकात धूर जायला नको.

यंदाच्या उन्हाळ्यात व्हर्नाने एका घुबडाच्या पिल्लाचा कार्टून सिनेमा लावायचं ठरवलं. पिल्लाचं झाड तोडलं जातं आणि ते आईला शोधत फिरतं, अशी गोष्ट. झालं! सिनेमा लागायच्या आधीच त्यातला एक तुकडा गावभर फोनवर फिरला. त्यात करवत घेतलेल्या माणसांना सुळे होते आणि डोळे लालभडक. गावात दोन तट पडले. कोणी म्हणे, पोरांना जंगलाबद्दल चार गोष्टी कळल्या तर बिघडलं कुठे? कोणी म्हणे, पोरांच्या सिनेमात हे राजकारण कशाला?

आर्नी तर तणतणतच आला. व्हर्ना लाह्यांचं यंत्र पुसत होती.

"माझी नात हे बघणार? आजोबा म्हणजे राक्षस?"

"अरे, तू बघितलायस का सिनेमा?"

"फोनवर बघितला तेवढा पुरे झाला."

"आर्नी, ऐक. यंदा गाड्याच येत नाहीत. हा खेळ नासला तर मी बंद करणार. गोदामवाले जागा मागतायत. बाबांचा पडदा पाडतील रे ते!"

"मग दुसरा सिनेमा लाव."

"आणि पुढच्या वेळी? प्रत्येक सिनेमाला तुझी परवानगी मागू?"

तो पाय आपटत निघून गेला. आणि खरं सांगू? कोणाची बाजू घ्यावी, मलाच कळेना. माझी फळी न फळी तोडलेल्या झाडाची. ती तोडली नसती तर मी नसतो. पण त्या झाडांवर आधी कोण राहत होतं, हेही कधी कोणी विचारलं नाही.

शुक्रवारी आर्नीच्या मागोमाग जुने पिकअप ट्रक आले आणि पहिल्या रांगेत माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. सिनेमा सुरू झाला आणि सगळ्यांनी एकदम पुढचे दिवे लावले. अहो, काय सांगू! घुबड गेलं, जंगल गेलं, उरलो नुसता भगभगीत मी. पोरं रडायला लागली. व्हर्ना धावत आली.

"आर्नी, बंद कर ते दिवे!"

"दिवे लावू नका, असा बाबांचा नियम नव्हता."

ती डोळे पुसत परत गेली. पण सिनेमा काही तिने थांबवला नाही.

आता या शूरवीरांची गंमत ऐका. आले होते भांडायला, पण सवयीने इंजिन मात्र प्रत्येकाने बंद केलेलं! तासाभरात दिवे पिवळे पडले, मिणमिणले आणि एकेक करत विझले. आर्नीने किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. सगळ्या रांगेच्या बॅटऱ्या उतरल्या होत्या.

मागच्या रांगेत एक बाई खदखदून हसली. आर्नीची बायको जोअ‍ॅन. नवऱ्याला न सांगता ती नातीला घेऊन स्वतःच्या गाडीने आली होती.

"फिटली हौस? ये आता इकडे. आणि तोंड मिटून बस, पोरीला ऐकू दे."

आर्नी मुकाट्याने तिच्या गाडीत जाऊन बसला. नेमके तेव्हाच ते सुळेवाले आले, आणि लगेच पिल्लू दचकून जागं झालं. ते पिल्लाचं स्वप्न होतं! खरा लाकूडतोड्या तर पुढे आला. लांबच्या शहरातल्या मालकाने काम बंद केलेलं, हा बुंध्यावर डबा उघडून बसलेला, आणि घास काही घशाखाली उतरत नाही.

"आजोबा, तुमचं काम सुटलं तेव्हा तुम्ही असेच बसला होतात," नात म्हणाली.

"हॅ! करवत धरायची अक्कल नाही त्याला. बोटं जातील अशानं." पण त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. त्याला भरून आलं होतं, मला वरून स्वच्छ दिसत होतं.

सिनेमा संपला आणि हॉर्नचा नुसता गजर झाला. पहिल्या रांगेत ज्यांचे हॉर्न वाजेनात, ते ट्रकच्या दारावर थापा मारत होते. सगळे नाही हं. दोघं-तिघं तोंड वाकडं करून बसलेच होते. मग मागच्या गाड्या पुढे आल्या आणि व्हर्ना वायरी घेऊन एकेकाच्या बॅटरीला जोडत फिरली. शेवटी आर्नीचा ट्रक.

"सिनेमा एकतर्फीच आहे," तो म्हणाला.

"मग पुढच्या शुक्रवारी इथे उभा राहून सांग सगळ्यांना."

"सांगतो की. भितो काय?" मग तो जरा अडखळला. "पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातला रंग सोलपटलाय. दिवे मारले तेव्हा दिसलं. उद्या शिडी घेऊन येतो."

व्हर्ना तिथेच, ट्रकला टेकून, हसता हसता रडायला लागली. माझाही जीव भांड्यात पडला.

आता मला रंगाचे दोन हात बसलेत. शिडीवरून आर्नी सिनेमाला नावं ठेवतो आणि खालून व्हर्ना त्याला उलट उत्तरं देते. भांडण मिटलेलं नाही, आणि मिटावं असं मला वाटतही नाही. तुम्हीही माझ्यावरच्या गोष्टींशी खुशाल भांडा. फक्त आधी दिवे मालवा आणि शेवटपर्यंत बसा. तेवढ्यासाठीच तर मी इथे उभा आहे.