ताप येईल, खरं सांगतो

केवळराम चिचटोल्याला पोचला तेव्हा त्याच्या डाव्या दंडाला सूज होती आणि अंगात कणकण. मागून लशीची पेटी डोक्यावर घेऊन त्याचा शिपाई बिसराम येत होता.

केवळराम आमगावचा. लोक त्याला देवी डॉक्टर म्हणत, पण तो डॉक्टर नव्हता. दरवर्षी गावोगाव फिरून लेकरांना देवीची लस टोचायची, एवढीच त्याची नोकरी. यंदा लढाईच्या महागाईत हैजाही, म्हणजे पटकीची साथही, आली होती. अर्जुनीच्या दक्षिणेला तलावाकाठची गावं एकामागून एक साथीत सापडत चालली होती. तेव्हा भंडाऱ्याहून मंजुरी आली की हैजाची लस आता खेड्यातही द्यावी. केवळरामला काचेची पिचकारी दिली, सुया उकळायला स्टोव्ह दिला, कशी टोचायची ते दाखवलं आणि पाठवलं.

देवीचं टोचणं लोकांच्या अंगवळणी पडलं होतं. ते वरवरचं खरवडणं होतं. ही सुई मांसात जायची. पहिल्या गावात लोक म्हणाले, आधी तुम्ही घ्या. त्यानं घेतली. दुसऱ्या गावातही तेच. त्यानं पुन्हा घेतली. वरच्या साहेबांनी शिकवल्याप्रमाणे तो सांगत होता, "काही होत नाही." मग संध्याकाळी गावभर ताप चढायचा, हात वर होईनात, आणि सरकारनं जहर टोचलं अशी बोंब उठायची. दुसऱ्या गावातून निघताना बिसरामला दगड बसला. तिसऱ्या गावात पोलिसानं माणसं धरून ठेवली. एकानं झटका दिला आणि सुई त्याच्या दंडात मोडली. ती काढायला केवळरामला बराच वेळ लागला. त्या माणसाचं ओरडणं अजून त्याच्या कानात होतं.

चिचटोल्याचे मालगुजार, म्हणजे गावचे जमीनदार, मनिराम पाटील ओट्यावरच बसले होते. जातीनं कोहळी, पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणारे. गावचा तलाव त्यांच्या आज्यानं बांधलेला. त्याच तलावाचं पाणी आता तळाशी गेलं होतं, आणि तेच सगळे पीत होते.

"कोतवालाले सांगतो," पाटील म्हणाले. "एकेकाले धरून आणू."

"धरून नको, पाटील."

"मंग कशी येतील?"

"मले माहीत नाही," केवळराम म्हणाला. ते खरंच होतं.

तलावाच्या पाळीखाली, त्या मातीच्या बांधाच्या पायथ्याशी, आंब्याच्या सावलीत लोक जमले. लस घ्यायला नाही, बघायला. पुढं कवडू उभा होता. त्याचा थोरला भाऊ गेल्या बाजाराच्या दिवशी हैजानं गेला होता. भावाची बायको रुख्मा बायांच्या मागं, पदर तोंडावर ओढून बसली होती.

"पयले तुमी घ्या," कवडू म्हणाला. "मंग आमी पाहू."

हे येणारच होतं. वाटेनं येताना केवळरामनं ठरवलं होतं काय करायचं. तो पेटीआड वाकला. पिचकारीत लस न भरता त्यानं नुसतं उकळलेलं पाणी ओढून घेतलं. बिसरामनं ते पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. केवळरामनं बाही वर केली.

रुख्मा उठून पुढं आली. तिनं त्याच्या दंडाकडे पाहिलं. दंड लाल होता, कातडी तटतटलेली.

"हे काय झालं?"

"सुईनं झालं."

"ताप हाय काय तुमाले?"

"हाय."

"मंग पुन्हा काऊन घेऊन राहिले?"

उत्तर तयार होतं. तुमच्यासाठी, असं म्हणायचं होतं. पण केवळरामनं पिचकारी खाली घेतली. तो पेटीवर बसला.

"नाही घेऊन राहिलो," तो म्हणाला. "यात पाणी हाय. दोनदा घेतली, आता माझ्यानं होत नाही. तुमाले दाखवाले पाणी टोचून घेणार होतो."

मग कवडू हसला. "पाहा. आपल्यासाठी पानी, अन् आमाले जहर." तो निघाला. त्याच्या मागं बरेच पुरुष गेले. पाटील कपाळाला हात लावून उभे राहिले.

रुख्मा मात्र तिथंच होती. "मले सुईचं लय भेव वाटते," ती हळू म्हणाली. "मालक गेले तेवापासून झोप नाही. पन सुईचं भेव हैजाच्या भेवाऊन मोठं हाय. खरं सांगा, काय होते?"

केवळरामनं पिचकारीतलं पाणी मातीत सोडलं. पेटीतून एक बोथट, टाकून द्यायची सुई काढून तिच्या तळहातावर ठेवली.

"हात लावून पाहा. ही तुमाले टोचणार नाही, दुसरी उकळून घेतो. टोचताना दुखते. संध्याकाळी ताप येईल, खरं सांगतो. दोन दिवस हात जड राहील. हे जहर नाही, पण हैजा होणारच नाही असंही मी म्हणत नाही. कमी होते. घेतलेली माणसं कमी मरतात."

रुख्मानं सुई बोटांत फिरवली. "गोधडीच्या सुईऊन बारीक हाय," ती म्हणाली आणि शेजारच्या बाईच्या हातात दिली. सुई अशी बायांमधून फिरली. एकीनं ती उन्हात धरून तिचं भोक पाहिलं.

"मी तिकडं पाहीन," रुख्मा म्हणाली. "तुमी सांगू नका केव्हा टोचता ते."

"सांगितल्याबिगर टोचणार नाही. तुमी हो म्हणाल तेव्हाच."

ती तलावाकडे तोंड करून बसली. शेजारणीनं तिचा दुसरा हात धरला. बराच वेळ ती हो म्हणाली नाही. केवळराम सुई धरून थांबला. मागून कुणी घाई केली तर बिसराम हातानं गप्प बसवत होता. शेवटी तिनं मान हलवली. झालं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती हलली नव्हती.

त्यानंतर बाया आल्या, लेकरं कडेवर घेऊन. केवळराम प्रत्येकीला तेच सांगत होता, ताप येईल, हात जड होईल. सांगून सांगून त्याचा घसा बसला. ऊन कलताना गेलेल्या पुरुषांपैकी काही परत आले. कवडू आला नाही.

दुसऱ्या दिवशी अर्धं गाव तापानं पडलं होतं. केवळराम पाटलांच्या ओट्यावर पडून होता. त्याला वाटलं, आता दगड येतील. आली ती रुख्मा, भाताची पेज घेऊन.

"तुमी सांगितलं तसंच झालं," ती म्हणाली, आणि पेज ठेवून गेली.

धान कापणीच्या दिवसांत तो देवीच्या फेरीला पुन्हा त्या गावात आला. मधल्या काळात चिचटोल्यात हैजानं आणखी माणसं गेली होती. आसपासच्या गावांपेक्षा कमी, पण गेली. त्यात लस घेतलेली शेजारीणही होती, रुख्माचा हात धरून बसलेली. लस न घेतलेल्या कवडूला काही झालं नव्हतं. तो पारावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगत होता.

केवळराम रुख्माच्या अंगणात टेकला. शेजारणीचं त्याला वाटेतच कळलं होतं.

"तुमी म्हनलं होतं, कमी होते," रुख्मा म्हणाली. "होनार नाही असं नव्हतं म्हनलं."

"हो."

"लोक माझ्यावर चिडून हायत. तू पयले घेतली म्हनून तिनं घेतली, म्हनतात."

"पुढच्या उन्हाळ्यात लस पुन्हा येईल," केवळराम म्हणाला. "तुमी घ्याल का?"

रुख्मा सुपातलं धान पाखडत होती. तिचा हात थांबला नाही.

"घेईन. पन लोकायले समजावाले मले लावू नका. ते तुमचं तुमी पाहा."

केवळराम उठला. पारावर कवडूचा आवाज चालूच होता. केवळरामनं बिसरामला पेटी उचलायला सांगितलं आणि पाराकडे चालू लागला.