घ्या श्वास, दादा

"तीन जिने चढून आलो, आणि थेंबभर प्यायला नाही? नुसता वास?"

माझ्या मागच्या खुर्चीत बेकरीवाले कुरकुरत होते. तापानंतर त्यांना वास येईनासा झाला होता आणि पाव जळला तरी त्यांना कळत नव्हतं.

"अहो, हळू!" त्यांची बायको कुजबुजली. "पुढे त्यांची बहीण बसलीय."

बहीण म्हणजे मी. आणि 'ते' म्हणजे समोर डोळ्यांवर पट्टी बांधून बसलेला माझा दादा.

दारूच्या दुकानावरचा हा हॉल दर रविवारी दुपारी भरायचा. कोपऱ्यातल्या टेबलावर जपानी व्हिस्कीच्या तीन बाटल्या, एक-दोन-तीन अशा चिठ्ठ्या चिकटवलेल्या. कुणीतरी त्यातली एक ग्लासात ओतायची आणि दादाने नुसत्या वासावरून नंबर सांगायचा. दादाच्या शेजारी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत नाकराज. हे नाव त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केलेलं.

"ही दारू नव्हे, मंडळी! हा जपानच्या अरण्याचा प्राण आहे! ज्यांचं नाक मेलं, त्यांचं नाक हा जिवंत करतो! म्हणा, मिझुनारा!"

"मिझुनारा!" हॉल घुमायचा.

मिझुनारा हे तिकडच्या एका ओक झाडाचं नाव. त्याच्या लाकडाची पिंपं करून त्यात व्हिस्की मुरवतात. म्हणजे शंभर माणसं डोळे मिटून 'सागवान, सागवान' करत होती म्हणा ना!

हे मला दादानेच कधीतरी सांगितलेलं. तीस वर्षं तो व्हिस्कीच्या कारखान्यात मिश्रण ठरवायचा. त्याने नाक लावल्याशिवाय पिंप जागचं हलत नसे. गेल्या वर्षी आधी एक नाकपुडी चोंदली, मग दुसरी, मग वासच गेला. डॉक्टरीणबाईंनी आत नळी घालून पाहिलं. "गाठ आहे. तुकडा काढून तपासू, उशीर नको," म्हणाल्या. तारीख दिली.

घरी आम्ही त्या गाठीला 'ते' म्हणायचो. 'ते' दाखवायचंय. 'ते' साधंच असेल. त्यापुढचा शब्द कुणाच्या ओठांवर आला नाही.

मग दादाला नाकराज भेटले आणि तिसऱ्याच रविवारी त्याचं नाक 'परत आलं'. वहिनी रडली, हसली, चार भाज्या करून बसली. तपासणीची तारीख दोनदा हुकली. वास येतोय, मग चिरफाड कशाला?

खोटं कशाला बोलू, दोन रविवार मीही टाळ्या पिटल्या. पण मी छापखान्यात प्रुफं तपासते. शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं छपाईचे खिळे जुळवता जुळवता शिकले. त्यामुळे वाक्य कानावर पडलं तरी मी ते तपासतेच. नाकराज एकच गोष्ट तीन तऱ्हांनी सांगत होते. एक नंबरची बाटली ओतली की "श्वास घ्या, दादा." दोन नंबरला "दादा, श्वास घ्या." तीन नंबरला "घ्या श्वास, दादा."

आणि दादा? पूर्वी तो एखादा ग्लास हुंगायचा, मग पाण्याचे दोन थेंब टाकून पुन्हा हुंगायचा, आणि दोन्ही वेळचे शब्द निराळे असायचे. "व्हिस्की बोलत असते गं, आपण फक्त उतरवून घ्यायचं." आता मात्र तीन नंबरला दर वेळी तेच, त्याच क्रमाने. त्याच्या वासांच्या नोंदींच्या जुन्या वहीतलं. ती वही मीच सुवाच्य अक्षरात उतरवून दिली होती. जे बदलायला नको ते बदलत होतं, आणि जे बदलायला हवं ते बदलत नव्हतं.

"आज कोण ओतणार?" नाकराजांनी विचारलं.

मी उठले.

"या ताई, या! भावाचा प्राण बहिणीच्या हातून!"

कोपऱ्यात जाऊन मी तीन नंबरची बाटली उंच धरून सगळ्यांना दाखवली. मग पाठ वळवली आणि माझ्या पर्समधली छोटी बाटली ग्लासात रिकामी केली. रंग हुबेहूब. ग्लास दादाच्या हातात दिला.

"घ्या श्वास, दादा," नाकराज म्हणाले.

दादाने ग्लास नाकाशी नेला. तीच जुनी लकब, ओठ किंचित उघडे. मला वाटलं, ओळख रे! एकदा ओळख आणि मला खोटं पाड.

"तीन नंबर," तो म्हणाला. "चंदन. नारळ. शेवटी जुनी लाकडी पेटी."

टाळ्यांचा कडकडाट.

"आता घोट घे," मी म्हणाले.

"नको, नको!" नाकराज धावले. "जिभेला लागलं की प्राण जातो!"

"कुणाचा?" बेकरीवाल्यांनी विचारलं.

तोवर दादाने घोट घेतला होता. जिभेला गोड-तुरट अजून कळत होतं.

"चहा," तो पुटपुटला. "गार. तीन चमचे साखर."

"तुला लागते तेवढीच."

"शंकेखोर हाताने ओतलं की व्हिस्की रूप पालटते!" नाकराज ओरडले.

"मग उद्या बेकरीत या," बेकरीवाले म्हणाले, "आणि माझ्या करपलेल्या पावाचा केक करून द्या!"

हशा ओसरल्यावर मी ती तीन वाक्यं सावकाश म्हणून दाखवली, कुठलं कुठल्या बाटलीचं तेही सांगितलं. "हवं तर पुन्हा करू. फक्त नाकराजांनी तोंड मिटून उभं राहायचं."

नाकराज बाटल्या गोळा करू लागले.

"लोकहो," मी म्हणाले, "चमत्कार दाखवणाऱ्याला एवढंच सांगा, गप्प राहून करून दाखव. आणि नाक गेलं असेल तर ते डॉक्टरांना दाखवा. स्टेजवर नव्हे."

वहिनी कधी पुढे आली कळलंच नाही. तिने दादाच्या डोळ्यांवरची पट्टी सोडली.

"रोज ताटावर वाकून 'काय सुंदर वास' म्हणालात," ती म्हणाली. "रोज. मला."

"आधी वाटलं, चार लोकांत म्हटलं की खरंच येईल," दादा म्हणाला. "नंतर तुम्ही सगळ्या इतक्या खूश..."

"आमच्यावर ढकलू नकोस," मी म्हणाले. "दोन तारखा तू चुकवल्यास. उद्या सकाळी जायचंय. 'ते' साधंच असेल, तुकडाच तर काढायचा आहे."

दादाने चहाचा ग्लास हातात फिरवला, व्हिस्कीचा फिरवायचा तसा. मग मान वर केली.

"आणि कॅन्सर निघाला तर?"