फवाऱ्याने सोडलेली जागा

आमच्या बेजा भागातल्या गव्हात तण उगवायची टाप नव्हती, कारण तय्यब काका. चुकीच्या जागी हिरवं काही दिसलं की हा माणूस जेवण टाकून उठायचा. म्हणून फवारणीच्या यंत्राला तण ओळखायला शिकवायचं काम कंपनीने मला दिलं, तेव्हा फोटो काढायला मी कब्रस्तानात गेले. तिथे रग्गड तण. आमच्याकडे कबरीवरचं गवत कुणी उपटत नाही. ते हिरवं असेपर्यंत मेलेल्यासाठी दुआ करतं.

काम सोपं, पण डोकं उठवणारं. फोटोतल्या तणाभोवती लाल चौकट, पिकाभोवती हिरवी. लाल म्हणजे मार, हिरवी म्हणजे सोड. वाटेवरच्या तणाला मी लाल घातली. कबरीवरच्या तणाला लाल घालायला हात धजेना, म्हणून हिरवी घातली. यंत्राला काय कळतंय!

पहिली फवारणी काकांच्याच शेतात झाली; त्यासाठी कंपनीने त्यांना तण काढू दिलं नव्हतं. आठवड्याने सगळं तण वाळलं. फक्त ऑलिव्हच्या झाडाखाली, गव्हाच्या ओळींना आडवा, एक पट्टा हिरवागार राहिला.

"काय गं हनिया," काका बांधावरून ओरडले, "तुझं यंत्र आंधळं झालं वाटतं!"

"तुमच्या शेतात आलं ना, घाबरलं असेल," मी म्हटलं.

पुन्हा यंत्र फिरवलं. पडद्यावर त्या पट्ट्यातल्या खुब्बेजाच्या रानभाजीभोवती हिरव्या चौकटी आल्या. हातभर अंतरावर नव्याने फुटलेली तीच भाजी, तर लाल. पान तेच होतं. मग यंत्र बघत काय होतं? मी खाली वाकले. जमीन मधोमध खचली होती आणि कडा उचललेल्या, माझ्या कब्रस्तानातल्या फोटोंसारख्या. लांबी माणसाएवढी. मग पट्ट्याची दिशा पाहिली. ज्याने कुणी पुरलं होतं, त्याने किब्ला, नमाजाची दिशा, चुकवला नव्हता.

माझा भाऊ मुन्सिफ याच शेतावरून काकांशी भांडला होता. त्याला आमच्या वारलेल्या वडिलांचा वाटा हवा होता. मग एका सकाळी काकांनी सांगितलं, इटलीच्या होडीत बसवून आलो त्याला. त्यानंतर एक फोन नाही. आमची आई, उम्मी, आजही समुद्राला शिव्या घालते.

मी घरी जाऊन उम्मीला घेऊन आले. वाटेत सगळं सांगितलं.

काका तिथेच उभे होते. उम्मीने झाडाला टेकवलेली कुदळ उचलून त्यांच्यापुढे धरली.

"तय्यब, तण माजलंय. काढ."

"वहिनी, उद्या बघतो. उन्हं चढलीत."

"तू कधीपासून उन्हाला भ्यायला लागलास? काढ ना. गव्हाचं शेत आहे."

काकांनी कुदळ घेतली नाही. ते वाकले, खुब्बेजाचं एक रोप मुठीत धरलं. पण रोप काही उपटलं जाईना. मला त्यांची भीती वाटली आणि, खरं सांगते, दयाही आली. त्यांचे ओठ हलत होते. मी जवळ गेले. ते मेलेल्यासाठी म्हणतात ती फातिहा म्हणत होते.

उम्मीनेही ऐकलं. मला वाटलं, आता ही किंचाळणार. पण ती पट्ट्याच्या कडेला हळूच बसली, एकाही रोपावर पाय न देता.

"तय्यब," ती म्हणाली, "शेवटी त्याने मला हाक मारली का रे?"