आडोशाची ज्वारी

सासऱ्यांचं अंथरूण रिकामं दिसलं तेव्हा मी आधी चिडले. भीती नंतर आली. म्हटलं, म्हातारा पुन्हा तळघरात जाऊन बसला असेल, बियाण्याच्या रिकाम्या पोत्यांशी गप्पा मारत. मी कोंबड्यांना पाणी घालायला जरा बाहेर गेले होते, भांड्यातलं पाणी गोठलं होतं, ते फोडण्यात वेळ गेला, एवढंच. पुढच्या दाराला मी घंटी बांधून ठेवलीय. ती वाजली असती तर मला खुराड्यातही ऐकू आली असती.

"बाबा!" मी जिन्यावरून हाक मारली. खाली जाऊन बघते तर तळघराचं बाहेरचं दार सताड उघडं. त्या दाराला घंटी बांधायचं मला सुचलंच नव्हतं.

खुंटीवर त्यांचं भडक नारिंगी जाकीट तसंच लटकत होतं. गोठ्यात घालायचा जुना तपकिरी कोट मात्र गायब. कानातलं यंत्र कॉफीच्या कपाशेजारी पडलेलं. हरणांच्या शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस होता. नुकतं उजाडलं होतं आणि टेकड्यांपलीकडून बंदुकांचे बार ऐकू यायला लागले होते. आमच्या विस्कॉन्सिनात या सकाळी, शिकाऱ्याला हरीण वाटू नये म्हणून, कुत्र्यालासुद्धा नारिंगी पट्टा बांधल्याशिवाय कुणी बाहेर सोडत नाही. आणि नव्वदीला टेकलेला माझा ठार बहिरा सासरा हरणाच्या रंगाचा कोट घालून बाहेर पडला होता.

कुठे गेले असतील, हे शोधायची गरजच नव्हती. मला पक्कं ठाऊक होतं.

घरामागची टेकडी उतरलं की ओढ्यापलीकडे, झाडीत, आमचा हरणांसाठीचा जमिनीचा तुकडा आहे. त्यात माणसांसाठी काही पिकत नाही. क्लोव्हरचं गवत, राय धान्य, सलगम, सगळं हरणांसाठी. उन्हाळा सरता सरता पेरायचं, हरणांना त्याची चटक लावायची आणि नोव्हेंबरात समोरच्या मचाणावर बंदूक घेऊन बसायचं. आमच्या भागात जंगलात मका ओतून ठेवला तर दंड होतो, पेरून ठेवला तर ती शेती. कायदे करणाऱ्यांची कमाल आहे, हरणाला बिचाऱ्याला त्यातला फरक कुठे कळतो! तुकड्याच्या कडेने आडोसा म्हणून उंच जातीची ज्वारी लावतात, चांगली डोक्याच्या वर जाणारी. मचाणाकडे चाललेला माणूस हरणांना दिसू नये, म्हणून.

ही पेरणी आयुष्यभर बाबांनीच केली. पण मध्यंतरी त्यांचं डोकं दगा द्यायला लागलं, एकदा ते भरलेली बंदूक घेऊन न्हाणीघरात सापडले, तेव्हा माझ्या नवऱ्याने, लाइलने, बंदूक काढून घेतली. अख्खा हिवाळा बापलेकांत अबोला. म्हणून या ऑगस्टमध्ये लाइल म्हणाला, "पेरणी तरी करू दे त्यांना. तेवढंच बरं वाटेल." गळ्यात झोळी अडकवून, हाताने बी फेकत बाबा निघाले, तेव्हा घरात उंबऱ्याला अडखळणारा तो माणूस एकदाही अडखळला नाही. मी बांधावर उभी होते. डोळे भरून आले माझे.

घोळ झाला तो नंतर. एकदा पेरलं की लाइल तुकड्यात कुणाला पाऊल टाकू देत नाही. माणसाचा वास लागला की मोठा नर फिरकत नाही, म्हणतो. स्वतःसुद्धा रबरी बूट घालून, ओढ्याच्या पाण्यातून चालत, झाडाला बांधलेला कॅमेरा बघून येतो. म्हणजे ज्याने पेरलं त्यालाच बघायची बंदी. रोज रात्रीच्या जेवणाला तेच सुरू व्हायचं.

"उगवलं का रे?"

"उगवलंय, बाबा. झकास उगवलंय."

"मग दाखव की मला."

"हंगाम संपला की दाखवतो."

"तोवर मी मेलो तर?"

"मग मरू नका."

"तुझी आई असती ना, तर थोबाडीत दिली असती तुझ्या."

"आई असती तर तिने तुम्हालाच खुर्चीला बांधून ठेवलं असतं."

आम्ही तिघंही हसायचो. काल रात्रीही हसलो. जेवून उठताना बाबा खिडकीपाशी थांबून अंधारात बघत राहिले, तेव्हा मला काहीतरी समजायला हवं होतं. पण मी भांडी घासत होते.

त्यात यंदा तो पाद्रीबुवा. गळ्याखाली पांढराशुभ्र पट्टा आणि चाल अशी संथ, की प्रवचनालाच निघालाय, म्हणून आम्ही त्या नराला हे नाव दिलेलं. कॅमेऱ्यात तो रोज उजाडताना ज्वारीच्या एकाच कोपऱ्यातून बाहेर पडताना दिसायचा, जिथे ताटं जरा विरळ आलीत तिथून. लाइलने मचाण हलवून त्या कोपऱ्यासमोर बांधलं. महिनाभर त्याच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. झोपेतसुद्धा कोपरा, कोपरा करायचा.

ओढा ओलांडून येणारी बाबांची पायवाट त्याच कोपऱ्यातून आत शिरते. हे आत्ता डोक्यात आलं, आणि लाइल तर पहाटेच मचाणावर जाऊन बसला होता.

मी लाइलला फोन लावला. बंद. मचाणावर तो बंदच ठेवतो. "मी लाइल, हरणं पाडतोय, नंतर बोलू," असा त्याचा रेकॉर्ड केलेला हसरा आवाज ऐकू आला. शेरिफच्या पोलिसांना कळवावं म्हटलं तर त्यांची गाडी गावातून इथवर यायची कधी! मी माझं नारिंगी जाकीट चढवलं, बाबांचं हातात घेतलं आणि धावले. अंगणातल्या गोठलेल्या गवतात त्यांच्या बुटांचे ठसे सरळ टेकडीकडे गेले होते. कुठे थांबलेत, वळलेत, गोंधळलेत, असं काही नाही. एरवी न्हाणीघर सापडत नाही या माणसाला!

जुना पिकअप होता अंगणात. तो घेऊन मी टेकडीवरून खाली सुटले आणि हात हॉर्नवर दाबूनच ठेवला. म्हटलं, हरणं पळून जाऊ देत सगळी, लाइल वर्षभर माझ्याशी बोलला नाही तरी चालेल, पण या गोंगाटात तो बंदूक तरी खाली ठेवेल. काय झालंय ते बघायला मचाणावरून उतरेल. कुठेतरी पलीकडे बार वाजला की "तो आपला नाही, तो शेजाऱ्यांचा," असं मी मोठ्याने स्वतःला सांगत होते. वेड्यासारखी बडबडत होते मी. "बाबा, खाली बसा. बाबा, कुठेतरी पडा धडपडून, पाय मोडून घ्या हवं तर, पण त्या कोपऱ्यात जाऊ नका."

ओढ्यावर नुसता फळ्यांचा साकव आहे, त्यावरून गाडी जात नाही. मी उडी मारून उतरले. साकवावर पाय घसरला, गुडघा फुटला, ते नंतर घरी कळलं. पलीकडच्या काठाच्या चिखलात त्यांचे ठसे ताजे होते.

आणि बार झाला.

जवळच झाला. लाइलच्या बंदुकीचा आवाज मी हजारात ओळखेन. मी तिथेच उभी राहिले आणि दुसऱ्या बाराची वाट बघायला लागले. जनावर निसटलं तर माणूस पुन्हा गोळी झाडतो. दुसरा बार यावा, म्हणून मी देवाचा धावा केला. आला नाही. सगळं शांत. लाइल दुसरी गोळी झाडत नाही, कारण त्याची पहिलीच लागते.

पळाले कशी, आठवत नाही. फांद्या तोंडावर बसत होत्या. मचाणाखाली पोचले तर लाइल वरून वाकून माझ्याकडे बघत होता. चेहरा नुसता फुललेला. त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"श्श! बोलू नकोस. लागलाय!"

"लाइल..."

"अगं, पाद्रीबुवा! ज्वारीत नुसती पाठ दिसली, पण तोच. तोच कोपरा, तीच वेळ! बार केला तसा जागच्या जागी खाली बसला बघ. थांब, पडून राहू दे जरा. लगेच गेलं तर उठून पळतात. आणि हॉर्न कोण बडवत होतं? मला वाटलं, कुणी गाढव गाडी घेऊन घुसलंय. पण म्हटलं, बरंच झालं, आयता हाका घातला. आता हा बाहेर येणार. मी बंदूक खांद्याला लावली आणि आलाच की!"

म्हणजे माझ्या हॉर्नमुळेच त्याने बंदूक उचलली होती. मी नुसतं हातातलं जाकीट वर धरलं.

"बाबांचं कशाला आणलंस?" तो म्हणाला. अजून हसतच होता.

"ते घरात नाहीत, लाइल. तपकिरी कोट घालून इकडे आलेत."

हसू त्याच्या तोंडावरून लवकर गेलं नाही. तो तसाच माझ्याकडे बघत राहिला, मग ज्वारीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. बंदूक वरच ठेवून तो शिडी उतरला, शेवटच्या पायऱ्या चुकून जमिनीवर आदळला, उठला आणि झाडाला धरून उभा राहिला.

"तू जा," तो म्हणाला. "मार्लिस, तू बघ. माझ्याने नाही बघवणार."

"चल!" मी ओरडले. एवढा राग मला लग्नापासून कधी आला नव्हता. "बाप आहे तुझा. चल म्हणते ना!"

मी त्याची बाही धरून त्याला ओढतच नेलं. ज्वारीची वाळकी पानं कानाशी खसखसत होती. विरळ जागेपाशी एक ताट कंबरेच्या वर तुटून लोंबत होतं, तुटलेला भाग ताजा, पांढरा. लाइलने ते पाहिलं आणि त्याच्या तोंडून एक आवाज निघाला. तसला आवाज मी माणसाच्या तोंडून कधी ऐकला नाही, आणि देव करो, पुन्हा ऐकायला न मिळो.

पुढे जमिनीवर तपकिरी कोट होता. कोटात पाठ होती, आमच्याकडे केलेली. हलत नव्हती.

"बाबा," लाइल म्हणाला. मग जोरात, "बाबा!"

पाठ तशीच. मी वळसा घालून पुढे गेले. डोळे मिटूनच गेले असते, पण पायाखाली सलगम होते.

ते मांडी घालून बसले होते. मांडीवर उपटलेल्या सलगमांचा ढीग, हात कोपरापर्यंत मातीत. मला पाहून त्यांनी अगदी लेकासारखंच ओठांवर बोट ठेवलं.

"खाली बस, पोरी," ते कुजबुजले. बहिऱ्या माणसाची कुजबुज ती, ओढ्यापलीकडे ऐकू गेली असेल. "हरणं आहेत इथे. आत्ताच कुणीतरी बार काढला. माझ्या डोक्यावरूनच गेला बघ, वारा लागला मला."

मी त्यांच्यावर झडपच घातली. मान, पाठ, छाती, सगळं चाचपलं, कोटाची बटणं ओढून काढली. "अगं, काय करतेस? थंडी वाजतेय मला!" ते ओरडत होते. रक्त कुठेच नव्हतं. कॉलरच्या मागे मात्र, कोट फुगून उभा राहतो तिथे, कापड फाटलं होतं. माझं बोट आरपार गेलं. लाइल मागे उभा राहून माझ्या बोटाकडे बघत होता. तो पुढे आला आणि बापाच्या पुढ्यात बसला.

बाबांनी त्याला निरखून पाहिलं. आज त्यांचे डोळे स्वच्छ होते, अगदी पूर्वीसारखे.

"बार तू काढलास?"

लाइलने होय म्हणून मान हलवली.

"काय होतं?"

मीच त्यांच्या कानाशी ओरडले, "मोठा नर होता, बाबा!"

"आणि पडला नाही?"

"नाही!"

"एवढ्या जवळून?" बाबांनी मचाणाकडे पाहिलं, मग लेकाकडे, आणि तोंड वाकडं केलं. "नेम हुकला? माझ्या पोराचा? शेजारी ऐकतील तर काय म्हणतील रे!"

तेव्हा लाइलचा बांध फुटला. साठीचा माणूस, पण मातीत डोकं टेकून हमसाहमशी रडायला लागला. आमच्याकडे पुरुष असे रडत नाहीत, बाबांना ते बघवेना. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मग मातीचा हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि अवघडून थोपटू लागले.

"अरे, रडतोस काय एवढ्याशासाठी? जाऊ दे. उद्या येईल तो पुन्हा, इथूनच येईल. तू बस वर." ते त्याच्या कानाशी वाकले. "आणि मी असतो खाली. इकडून हाकलतो तुझ्याकडे."