उजव्या खिशातला चेंडू

पोलीस अधिकारी वेंडेल क्राउज कोर्टात साक्ष द्यायला आला तो आपल्या पोलिसी कुत्र्याला, ड्यूकला घेऊनच. बाहेर ऑगस्टचं ऊन होतं, गाडीत ठेवला असता तर भाजला असता. न्यायाधीश हालव्हर्सन यांनी हरकत घेतली नाही. ड्यूक वेंडेलच्या बुटांवर डोकं टेकून झोपला.

मार्चमध्ये नेब्रास्कातल्या हमरस्त्यावर, मागचा दिवा फुटलेला दिसला म्हणून वेंडेलने ट्रॅव्हिस नॉर्डबीची गाडी अडवली होती. ट्रॅव्हिसने डिकी उघडायला नकार दिला. मग ड्यूकला गाडीभोवती फिरवलं आणि तो डिकीपाशी बसला. त्याचं बसणं म्हणजे अमली पदार्थाचा वास आल्याची खूण. झडतीसाठी कायद्याला सबळ कारण लागतं, आणि वेंडेलकडे ते एवढंच होतं. स्टेपनीखाली मेथ या अमली पदार्थाचं पुडकं निघालं. ते आपलं नाही असं ट्रॅव्हिसही म्हणत नव्हता. कुत्र्याचं बसणं ग्राह्य धरलं गेलं तर त्याला दहा वर्षं तुरुंगात काढायची होती. नाही धरलं, तर झडती बेकायदा आणि पुडकं पुराव्यातून बाद.

ट्रॅव्हिसच्या वकील ओडेसा प्रूइट उलटतपासणीला उभ्या राहिल्या.

"ड्यूक चुकतो का हो कधी?"

"माझ्यापेक्षा कमी, मॅडम."

"म्हणजे किती, ते तुमच्या बायकोला विचारावं लागेल." मागच्या बाकांवर हशा पिकला. "बसल्यावर त्याला काय मिळतं?"

"रबरी चेंडू. त्याचा पगारच म्हणा."

"ठेवता कुठे?"

"उजव्या खिशात."

"गाडीभोवती कसं फिरता, दाखवा. सरकारी वकिलांचं टेबल म्हणजे गाडी समजा."

वेंडेल उठला. पट्टा धरल्यासारखा डावा हात पुढे करून तो टेबलाला वळसा घालू लागला. "हा पुढचा दिवा. हे दार. हे मागचं चाक." मागच्या कोपऱ्याशी त्याची चाल मंदावली आणि उजवा हात खिशात गेला.

मालक उठल्याबरोबर ड्यूकही जागा झाला होता. तो चालत आला आणि टेबलाकडे नाकही न वळवता, खिशाकडे बघत ताठ बसला.

"काय हो वकीलसाहेब," न्यायाधीश सरकारी वकिलांना म्हणाले, "घ्यायची का तुमच्या टेबलाची झडती?"

"खणात डोनट आहे, साहेब. अर्धा."

वेंडेल स्वतःच्या हाताकडे बघत होता. "डिकीशी आलं की जातो हात," तो म्हणाला. "माल बहुतेक तिथेच असतो ना."

पोलीस गाडीच्या कॅमेऱ्यातलं मार्चमधलं चित्रीकरण पुन्हा लावलं. आधी हात खिशात गेला होता, मग कुत्रा बसला होता. पहिल्यांदा बघताना सगळ्यांचं लक्ष कुत्र्यावर होतं.

न्यायाधीशांनी झडती बेकायदा ठरवली. हातात काहीच न उरल्यामुळे सरकारी वकिलांनी खटला तिथेच मागे घेतला. ट्रॅव्हिस कोणाकडेही न बघता दाराकडे निघाला.

ड्यूक अजून बसलेलाच होता.

"साहेब, चेंडू देऊ का त्याला?" वेंडेलने विचारलं.

"द्या," न्यायाधीश म्हणाले. "तुम्ही सांगितलं तेच केलंय त्याने."