टांगलेला जिना

बैरुतमध्ये इंजिनियर अनीस तराझीबद्दल म्हणत, हा माणूस कोंबड्यांचं खुराडं बांधील तरी त्यावरून रणगाडा जाईल. आखातात धरणं बांधून जे मिळालं, ते त्याने तीस वर्षं अरबी गाणं, सुलेखन आणि पोरांच्या शिक्षणात घातलं. तीनशे अकरा पोरं शिकवली. त्यांतली नव्वद तरी आता रस्त्यात भेटली तर त्याला ओळख देत नाहीत, हा हिशेब त्याच्या चिटणिसाचा, वदीअचा. वदीअला माणसं मोजायची खोड होती. इंजिनियर मोजत नसे, म्हणजे कुणीतरी मोजायला हवंच होतं.

संगीतशाळा इंजिनियरने फारच हौसेने बांधली. तळमजला धरून चार मजले, हातभर जाड भिंती, आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून वरच्या मजल्यांना एकही खिडकी नाही. गच्चीवर जाणारा शेवटचा जिना तर चार लोखंडी सळयांना अधांतरी टांगलेला. त्याच्याखाली थेट तळमजल्यापर्यंत पोकळी. पाहुणे मान वर करून बघत आणि इंजिनियर खाली बघून लाजे.

"एक मजला पुरला असता, उस्ताज," वदीअ तेव्हाच म्हणाला होता.

"उंचावर गाणं छान लागतं," इंजिनियर म्हणाला होता.

शहात्तरच्या वसंतात यादवीतल्या लढाईची रेषा दोन गल्ल्यांवर आली, आणि आसपासची सर्वांत उंच, सर्वांत भक्कम गच्ची कुणाची, हे बंदुकवाल्यांना कळायला वेळ लागला नाही. गल्लीच्या अलीकडच्या टोळीचा म्होरक्या अबू वाइल. त्याचा निरोप आला: अकरा वाजता गच्ची घेतो. त्याचा नेमबाज वर बसला, की पलीकडच्यांच्या तोफा शाळेकडे वळणार, हे उघड होतं. आणि तळघरात एकोणीस विद्यार्थी अडकलेले.

इंजिनियरने टाय बांधला आणि निघाला. वदीअ मागून गेला. मागे राहायचीही त्याला तेवढीच भीती वाटत होती.

अबू वाइलने चपलांच्या एका दुकानात ठाण मांडलं होतं. कोपऱ्यात एक कैदी बांधलेला, ओठ फुटलेला, एक डोळा सुजून मिटलेला. दोघांना कॉफी आली. कैद्याला नाही.

इंजिनियरने पेला उचलला नाही. समोर ठेवला आणि हात गुडघ्यांवर घेतले. दुकानातली कुजबुज थांबली. पाहुण्याने पेला असा ठेवला म्हणजे तो मागायला आलाय. हो म्हटल्याशिवाय पिणार नाही. आणि न पिता उठला, तर त्या घराच्या नावाला बट्टा.

"प्या, काका."

"आधी ऐक."

"गार होईल."

"होऊ दे. तुझ्या आजोबांच्या दारात कधी कुणाची गार झाली होती का, तेवढं सांग."

एकजण हसला. अबू वाइलने बघितल्यावर थांबला.

"काय हवंय?"

"गच्ची सोड."

"ते सोडून मागा."

"मग पोरं बाहेर काढायला वेळ दे."

अबू वाइलने पेल्याकडे बघितलं, मग आपल्या माणसांकडे. "एक वाजेपर्यंत. वर एक मिनिट नाही."

इंजिनियरने गार कॉफी एका घोटात संपवली.

शाळेत परतल्यावर वाट मोकळी आहे का हे बघायला स्वयंपाकी जुर्जुस पुढे झाला. "मला कोण मारतंय? अर्धं बैरुत माझ्या हातची किब्बे खाऊन वाढलंय," म्हणाला आणि पांढरा टेबलक्लॉथ हलवत दाराबाहेर पडला. सातव्या पावलाला पलीकडून गोळी आली. पोटात. दुसरी मांडीत. तो रस्त्यात कोपरांवर रांगू लागला, आईला हाका मारू लागला. त्याला ओढायला इंजिनियर उंबऱ्यावर गेला, तशी चौकटीची ढलपी उडाली. वदीअने त्याला कॉलरला धरून आत खेचलं. मग वदीअ मिनिटं मोजत बसला. अकरा मोजली. पुढे मोजण्यासारखं काही उरलं नाही.

"पोरं बाहेर जात नाहीत," इंजिनियर म्हणाला. "मग गच्चीच जाऊ दे. लोखंड कापायची करवत आण."

तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या पायथ्याशी, सळया हाताच्या उंचीवर येत.

"तुम्ही टांगलाय, तुम्हीच पाडा."

"माझा हात थरथरतोय. तू भित्रा आहेस, पण तुझा हात स्थिर आहे."

वदीअने लोखंड कापलं. तळहातांची साल निघाली, करवतीची मूठ रक्ताने निसटू लागली. बाहेर गोळे पडत होते, भिंती हलत नव्हत्या. आपल्याच कामाच्या भक्कमपणाला इंजिनियर शिव्या घालत होता. तिसरी सळई तुटली तसा तो ओरडला, "मागे हो! चौथी स्वतः तुटेल."

तुटली. जिना पोकळीतून खाली गेला आणि अख्खी इमारत ढोलासारखी वाजली. उडालेल्या सळईने वदीअचा डावा कान अर्धा नेला.

एक वाजता अबू वाइल चौघांना घेऊन आला. चढून तिसऱ्या मजल्यावर पोचला. वर बघितलं, गच्चीचं दार आभाळात. खाली बघितलं, शिडी टेकवायलाही जागा नाही. त्याने बंदुकीचा दस्ता इंजिनियरच्या तोंडावर हाणला. दोन दात फरशीवर पडले. मग लाथा बरगड्यांत. मग पिस्तूल कपाळावर.

"मला फसवलंस, म्हाताऱ्या?"

"वेळ... मागितला होता. जुर्जुस रस्त्यात... पडलाय. बघून ये."

अबू वाइलचा एक पिकल्या मिशांचा माणूस पुढे आला. "याने आपली कॉफी प्यायलीय. आजच. मारलंस तर गावभर होईल."

पिस्तूल कपाळावरच होतं. वदीअने डोळे मिटले. आवाज झाला, त्याने डोळे उघडले. इंजिनियर उजवा गुडघा धरून विव्हळत होता.

"कॉफी जिवापुरती," अबू वाइल म्हणाला. "पायाचं काही ठरलं नव्हतं."

ते गेले. निरुपयोगी घरावर कुणी तोफ वाया घालवत नाही. शाळेवर त्या दिवशी पुढे एकही गोळा आला नाही. वदीअने खाली जाऊन मोजलं. एकोणीस. त्यांतल्या दोघी मुलींना घेऊन वर आला, टायने पाय आवळून बांधला.

"वदीअ, बांधताना तू काय म्हणाला होतास?"

"एक मजला पुरला असता."

"मग तेव्हा नीट ओरडला का नाहीस, गाढवा?" इंजिनियर रक्त थुंकला. "पुढची एकमजली. लिहून ठेव."

"लिहितो, उस्ताज. आधी पाय हलवू नका."